फासे स्क्रीनवर गेले, तेव्हा जुन्या खेळाडूंना कसली काळजी वाटते?

रोलप्लेइंग गेम (आरपीजी) म्हटलं की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर कॉम्प्युटर येतो. मूळ खेळ तोंडी आहे. चार-पाच जण कागद, पेन्सिल आणि फासे घेऊन टेबलाभोवती बसतात. त्यांतला एक गेम मास्टर होतो. जग त्याचं, त्यातली गावं, राक्षस, पाऊसपाणी सगळं त्याच्या हातात. बाकीच्यांकडे प्रत्येकी एक पात्र. गेम मास्टर प्रसंग उभा करतो आणि विचारतो, "बोला, आता काय करता?" याचं उत्तर काहीही असू शकतं. निकाल काय लागेल याबद्दल शंका असेल तिथे फासा टाकायचा.

गोव्यातल्या पेडण्यात दहीकाल्याच्या रात्री दशावतार पाहिलेल्या माणसाला हे समजावायला वेळ लागत नाही. आख्यान ठरलेलं असतं, पण संवाद लिहिलेले नसतात. राजा आणि राक्षस समोरासमोर आले की पुढचं दोघं तिथेच रचतात, आणि एकाने टाकलेलं वाक्य दुसऱ्याने उचलायचं असतं. आरपीजीत प्रेक्षक नसतात, आणि राक्षस हरणार की जिंकणार हे आधी कुणालाच माहीत नसतं, एवढाच काय तो फरक.

एक प्रसंग जवळून बघू. चार पात्रं एका किल्ल्याच्या भुयारात अडकली आहेत. वरून जिन्याने पहारेकरी धावत येताहेत. एक खेळाडू म्हणते, "माझ्या हातात दिवा आहे ना? त्यातलं तेल मी पायऱ्यांवर ओतते." गेम मास्टर क्षणभर थांबतो. दगडी पायऱ्या, घाईत धावणारी माणसं, दिव्यात थोडंच तेल. तो म्हणतो, "वीस बाजूंचा फासा टाक. पहिल्या पहारेकऱ्याला बारा किंवा जास्त पडले तर तो सावरला." फासा सातवर थांबतो. पहिला घसरतो, मागचा त्याच्यावर आपटतो, टेबलावर आरडाओरडा होतो. तेवढ्यात शेजारी बसलेली दुसरी म्हणते, "अगो, पण तेल ओतलंस म्हणजे दिवा विझला की!" आता भुयारात काळोख आहे, आणि खेळाला वेगळीच दिशा लागली आहे.

तेल ओतण्याची युक्ती किंवा दिवा विझणं, हे दोन्ही कुठल्याच नियमपुस्तकात या रूपात सापडणार नाही. ते टेबलावर जन्मलं. जुन्या खेळाडूंची सगळी काळजी या एका गोष्टीभोवती फिरते, म्हणून इतक्या तपशिलात सांगितलं.

या प्रकारातला पहिला छापील खेळ डन्जन्स अँड ड्रॅगन्स (डी अँड डी), साल 1974. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नसन या दोघांनी तो रचला आणि अमेरिकेत विस्कॉन्सिनमधल्या लेक जिनिव्हा या छोट्या गावातल्या टीएसआर कंपनीने पहिल्या खेपेला 1000 प्रती काढल्या. छोट्या सैनिकांच्या बाहुल्या मांडून लढाया खेळणाऱ्या मंडळींमधून तो आला. नियमांत मोकळ्या जागा पुष्कळ होत्या आणि त्या ज्याच्या त्याच्या टेबलाने भरून काढल्या. त्यामुळे दोन गावांत एकच खेळ दोन तऱ्हांनी चालायचा, आणि यात कुणाला काही चूक वाटत नव्हती.

साहित्याची चणचण ही तर या खेळाची जुनी सोबतीण. 1979 च्या सुमारास अमेरिकेतच फाशांचा तुटवडा पडला तेव्हा कंपनीने पेटीत फाशांऐवजी आकडे छापलेले कागदी तुकडे घातले होते. आमच्या फोंड्याच्या गटात पहिलं पुस्तक आलं ते बोटीवर नोकरी करणाऱ्या एका मित्राच्या बॅगेतून. वीस बाजूंचा फासा इथे दुकानात मिळायचा प्रश्नच नव्हता. एक ते वीस आकड्यांच्या चिठ्ठ्या बिस्किटांच्या डब्यात घालून आम्ही त्या उचलायचो. खेळ अडला नाही.

आता डिजिटल म्हणजे नेमकं काय, ते बघू. या एका शब्दाखाली दोन निरनिराळ्या गोष्टी येतात आणि वाद बहुतेक वेळा त्या एकत्र केल्यामुळे होतो.

पहिली गोष्ट म्हणजे भेटण्याची सोय. माणसं वेगवेगळ्या गावी असतात, व्हिडिओ कॉलवर जमतात आणि नकाशा सगळ्यांना एकाच वेळी दिसावा म्हणून एखादं सॉफ्टवेअर वापरतात. अशा सॉफ्टवेअरला व्हर्च्युअल टेबलटॉप म्हणतात. फॅन्टसी ग्राउंड्स 2004 पासून आहे, ब्राउझरमध्ये चालणारं रोल20 हे 2012 साली आलं, आणि फाउंड्री 2020 मध्ये. नकाशावर पात्रांच्या गोल सोंगट्या सरकतात, न पाहिलेल्या खोल्या काळोखात राहतात, बटण दाबलं की फासा पडतो. 2020 च्या लॉकडाऊनमध्ये घराघरांतली टेबलं बंद पडली तेव्हा अनेक गट इथे आले आणि पुष्कळसे तिथेच राहिले.

दुसरी गोष्ट म्हणजे खेळाची पुस्तकं, नियम आणि तुमचं पात्र कंपनीच्या सर्व्हरवर असणं. डी अँड डी बियॉन्ड ही 2017 मध्ये सुरू झालेली सेवा याचं ठळक उदाहरण. पुस्तक विकत घेतलं की ते तुमच्या खात्यात दिसतं, पात्र तिथेच बनतं, बेरजा-वजाबाक्या आपोआप होतात. नव्या खेळाडूला हे फार सोयीचं आहे. पहिल्याच दिवशी तीनशे पानं वाचायला कुणी सांगत नाही.

पहिल्या गोष्टीबद्दल जुन्या खेळाडूंच्या ज्या तक्रारी आहेत, त्यांतल्या काही मला पटत नाहीत. उदाहरणार्थ, "कॉम्प्युटरचा फासा लबाड असतो." हे खूप ऐकायला मिळतं. वीस बाजूंच्या फाशावर प्रत्येक आकड्याची शक्यता 5 टक्के. तुम्हाला अकरा किंवा जास्त हवे असतील तर यशाची शक्यता निम्मी, आणि लागोपाठ तीनदा हुकण्याची शक्यता आठात एक. एका संध्याकाळी टेबलावर चाळीसेक फासे पडत असतील, तर असं तीनदा हुकणं कधी ना कधी घडतंच. हातातला फासा रुसला की आपण त्याला पुसतो, बदलतो, देवाचं नाव घेऊन पुन्हा टाकतो. स्क्रीनवर करण्यासारखं काहीच नसतं, म्हणून तो लबाड वाटतो. खरं तर स्वस्त प्लास्टिकचे फासे कारखान्यात घासून गुळगुळीत करताना त्यांच्या सगळ्या बाजू अगदी सारख्या राहत नाहीत. तेव्हा समान संधीच्या बाबतीत कॉम्प्युटरचं पारडं बहुधा जडच असेल.

पण हिशेब दिसेनासा होतो, ही तक्रार खरी आहे. डी अँड डीच्या सध्याच्या नियमांत अनुकूल परिस्थिती असेल तर दोन फासे टाकून मोठा आकडा घेतात. त्यामुळे अकरा गाठण्याची शक्यता 50 टक्क्यांवरून 75 वर जाते. टेबलावर मुलगा हे हाताने करतो आणि काही दिवसांत त्याला कळतं की लपून राहणं, मागून जाणं, मित्राची मदत मागणं किती मोलाचं आहे. सॉफ्टवेअर दोन्ही फासे स्वतः टाकतं आणि थेट "लागला" असं सांगतं. आमच्या गटात नव्याने आलेला एक तरुण चांगला वर्षभर ऑनलाइन खेळलेला होता. वही-पेन्सिल घेऊन बसवलं तेव्हा आपल्या पात्राच्या तलवारीच्या वाराला फाशाच्या आकड्यात चार कशामुळे मिळवतात, हे त्याला सांगता येईना. हुशार मुलगा. त्याला ते कधी कुणी दाखवलंच नव्हतं.

गप्पांचंही तसंच. टेबलावर दोघं बोलत असताना उरलेले दोघं हळू आवाजात वेगळाच बेत शिजवत असतात. व्हिडिओ कॉलवर एका वेळी एकाचाच आवाज चालतो. मघाची "अगो, दिवा विझला की" ही ओळ कॉलवर कदाचित निघालीच नसती, कारण निघेपर्यंत पुढचा माणूस बोलायला लागलेला असतो.

मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो तो नकाशाचा मुद्दा, आणि त्याची चर्चा मात्र फार कमी होते. तोंडी खेळात गेम मास्टर म्हणतो, "डावीकडे मासळीबाजार, उजवीकडे चर्चची भिंत." झाला नकाशा तयार. खेळाडू म्हणाले, "आम्ही दोन्हीकडे जात नाही, होडी घेऊन पलीकडे जातो," तर तो दोन वाक्यांत नदीही वाहती करतो. व्हर्च्युअल टेबलटॉपवर देखणा नकाशा लागतो, भिंती आखाव्या लागतात, उजेड कुठून पडतो ते ठरवावं लागतं. एका प्रसंगाच्या तयारीत दोन-तीन तास सहज जातात. इतकी मेहनत घेतल्यावर खेळाडू होडीत बसू लागले की गेम मास्टरच्या पोटात गोळा येतो, आणि तो नकळत त्यांना बाजाराकडे ढकलायला लागतो. खेळाडूंनाही सवय लागते. स्क्रीनवर जे काढलेलं आहे त्याच्याशीच खेळायचं, जे बटण दिसतं तेच दाबायचं. तेल ओतायला बटण नसतं. बंदी कुणी घातलेली नसते, पण सुचणंच थांबतं.

यावर उपाय आहे आणि तो सोपा आहे. सॉफ्टवेअरमध्ये कोरं पान उघडायचं आणि हाताने रेघोट्या मारायच्या. रेघोट्यांचा नकाशा पुसायला कुणाचा जीव तुटत नाही.

आता दुसरी गोष्ट, मालकीची. इथे जुन्या खेळाडूंची काळजी मला पूर्णपणे रास्त वाटते, कारण तिच्यामागे घडलेल्या घटनांची मालिका आहे.

टीएसआर 1997 मध्ये विझर्ड्स ऑफ द कोस्ट या कंपनीने घेतली आणि 1999 मध्ये त्या कंपनीलाच खेळणी बनवणाऱ्या हॅस्ब्रोने विकत घेतलं. एप्रिल 2009 मध्ये विझर्ड्सने आपल्या पुस्तकांच्या पीडीएफची विक्री एकाएकी थांबवली. जुनी पुस्तकं अधिकृतपणे डिजिटल रूपात पुन्हा मिळायला 2013 उजाडलं. खेळाच्या 2008 च्या आवृत्तीसाठी वर्गणीवर चालणारी साधनं होती, पात्र बनवायचं, राक्षस शोधायचं. ती ज्या तंत्रज्ञानावर उभी होती तेच मागे पडलं आणि 2020 च्या सुरुवातीला ती सेवा बंद झाली. त्या आवृत्तीची छापील पुस्तकं मात्र ज्यांच्या कपाटात आहेत, ते आजही खेळू शकतात.

2022 मध्ये हॅस्ब्रोने डी अँड डी बियॉन्ड 14 कोटी 63 लाख डॉलरला विकत घेतलं. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये विझर्ड्सच्या तेव्हाच्या अध्यक्ष सिंथिया विल्यम्स गुंतवणूकदारांपुढे म्हणाल्या की या खेळातून जेवढं उत्पन्न मिळायला हवं तेवढं मिळत नाही. खेळणाऱ्यांत गेम मास्टर साधारण 20 टक्के, पण खर्चाचा मोठा वाटा तेच उचलतात, असंही त्यांनी सांगितलं. कंपनीच्या जागेवरून हे समजण्यासारखं आहे. पुस्तकांचा एक संच घेतला की पाच माणसं दहा वर्षं खेळतात, आणि त्या दहा वर्षांत कंपनीला त्यांच्याकडून आणखी काहीच मिळत नाही. वर्गणी दर महिन्याला येते.

पुढच्याच महिन्यात, जानेवारी 2023 मध्ये, ठिणगी पडली. 2000 सालापासून एक खुला परवाना होता. त्याच्या आधारे कुणालाही या खेळाच्या मूळ नियमांवर आपली पुस्तकं काढता येत आणि कंपनीला पैसे द्यावे लागत नसत. छोटे प्रकाशक त्यावरच जगत होते. नव्या परवान्याचा मसुदा फुटला. त्यात वर्षाला साडेसात लाख डॉलरपेक्षा जास्त उत्पन्न असणाऱ्यांकडून वाटा मागितला होता आणि जुना परवाना यापुढे चालणार नाही असा सूर होता. खेळाडूंनी वर्गण्या रद्द करायचा सपाटा लावला. 27 जानेवारीला कंपनीने माघार घेतली, जुना परवाना कायम ठेवला, आणि मूळ नियमांचा दस्तऐवज क्रिएटिव्ह कॉमन्स या, कुणालाही वापर करू देणाऱ्या परवान्याखाली खुला केला.

2024 मध्ये पुन्हा दोन गोष्टी घडल्या. डी अँड डी बियॉन्डवर पूर्वी पुस्तकातला एखादाच भाग, एखादी पात्रजात किंवा एखादा मंत्र, थोड्या पैशांत घेता यायचा. ती सोय काढून टाकली, आता पूर्ण पुस्तकच घ्या. मग ऑगस्टमध्ये, नवी नियमपुस्तकं यायच्या तोंडावर, जाहीर झालं की सगळ्यांच्या पात्रांमधले जुने मंत्र आणि जादूच्या वस्तू नव्या रूपाने बदलल्या जातील. म्हणजे तुमचा खेळ अर्ध्यावर आहे, तुम्ही जुन्या नियमांना पैसे मोजले आहेत, आणि एका सकाळी तुमच्या कागदावरचा मजकूर दुसऱ्याच कुणी खोडून लिहिणार. ओरड झाली, कंपनीने काही दिवसांत निर्णय फिरवला. परवान्याच्या आणि मंत्रांच्या प्रकरणात कंपनीने ऐकलं, हे तिच्या बाजूने नोंदवायला हवं. पण खरी कागदाची वही असती तर तिच्यावर कुणाचा हात पोचलाच नसता, आणि विनवण्या करायची पाळीच आली नसती.

याच कंपनीचा थ्रीडी व्हर्च्युअल टेबलटॉप, सिजिल, फेब्रुवारी 2025 मध्ये बाहेर आला आणि पुढच्याच महिन्यात तो बनवणाऱ्यांपैकी बहुतेकांना घरी पाठवण्यात आलं. एखाद्या गटाने त्यावर आपली कथा रचली असेल तर त्यांनी काय करायचं? अशा सलग कथेचं, म्हणजे कॅम्पेनचं, प्रकरण पाच-पाच, दहा-दहा वर्षं चालतं. आमचं एक तर मुलं शाळेत होती तेव्हा सुरू झालं, आता तीच मुलं खेळायला बसतात. एवढ्या टिकाऊ गोष्टीला तितकीच टिकाऊ जागा हवी.

तरीही मी पडदा बंद करा असं म्हणणार नाही. गोव्यातल्या मध्यमवर्गीय घरांतली मुलं आज पुण्यात, बेंगळुरूत, दुबईत, बोटींवर आहेत. आमचा पूर्ण गट एका सोप्यावर जमतो तो चवथीला. गणपतीच्या डोक्यावर फळांची माटोळी बांधून झाली, आरत्या झाल्या, की रात्री फासे निघतात. वर्षाचे उरलेले महिने व्हिडिओ कॉल नसता तर हा गट कधीच मोडला असता. वाळपईच्या किंवा डिचोलीच्या आतल्या गावातल्या मुलीला हा खेळ खेळायचा असेल, तर जवळपास खेळणारं कुणी नाही, आणि रात्री अकराला एकटीने परतायची सोय नाही. तिच्यासाठी स्क्रीन हेच टेबल आहे. साठी उलटलेल्यांनाही फायदा आहेच. पुस्तकातली बारीक अक्षरं दोन बोटांनी मोठी करता येतात, गुडघे दुखत असले तरी घरबसल्या खेळता येतं. पावसाळ्यात वीज गेली की मात्र ऑनलाइन सेशन जागच्या जागी संपतं आणि टेबलावरचं मेणबत्तीत चालू राहतं, हे इथे राहणाऱ्याला वेगळं सांगायला नको.

तेव्हा कुठलंही साधन घेण्याआधी आमच्या गटात एकच प्रश्न विचारला जातो. ही सेवा आज बंद पडली, तर या शनिवारी खेळता येईल का? येईल, तर घ्या. पात्राची माहिती पीडीएफमध्ये उतरवून घेता येते, ती प्रत्येक सेशननंतर उतरवा. गेम मास्टरच्या टिपणांची जागा स्वतःच्या वहीत किंवा स्वतःच्या कॉम्प्युटरवर. व्हर्च्युअल टेबलटॉप हवाच असेल तर फाउंड्रीसारखं एकदाच पैसे भरून आपल्या मशीनवर चालवता येणारं बघा. त्याची मांडामांड किचकट आहे, पण तुमचं जग तुमच्याच हार्ड डिस्कवर राहतं. फासे ज्याचे त्याने घरी टाकावेत, आकडा तोंडाने सांगावा. खोटं कोण सांगेल? एकमेकांवर एवढा विश्वास नसेल तर त्या गटात खेळण्यात काय राम आहे.

एक काळजी आपल्या भाषेची. टेबलावर आम्ही मराठीत खेळतो, चिडलो की कोकणीत. सॉफ्टवेअरवर इंग्रजी मजकूर तयार असतो, तो बटणासरशी उमटतो, आणि खेळाडू तोच वाचून दाखवतात. "माझा हात थरथरतोय, तरी मी बाण सोडतो," असं म्हणणारा माणूस महिन्याभरात नुसतं "अटॅक" म्हणायला लागलेला मी पाहिलाय. ही सवय मोडायला गेम मास्टरने दर वेळी विचारावं लागतं, "कसा सोडतोस? मला दिसू दे."

आणि इथेच 2023 च्या त्या भांडणातून निघालेली एक गोष्ट आपल्या कामाची आहे. मूळ नियमांचा दस्तऐवज 5.1 आणि 2025 मध्ये आलेला 5.2, हे दोन्ही आता क्रिएटिव्ह कॉमन्सच्या परवान्याखाली मोफत आहेत. तो परवाना मागे घेता येत नाही. मूळ कर्त्याचा उल्लेख ठरलेल्या शब्दांत केला की ते उतरवून घ्या, छापा, वाटा, बदला, अगदी विकाही. भाषांतरालाही परवानगी लागत नाही. संपूर्ण पुस्तकाची गरजही नाही. पात्र कसं बनवायचं, फासा कधी टाकायचा, लढाई कशी चालते आणि वीसेक मंत्र, एवढं मराठीत आलं तर चाळीस पानांत काम होईल. झेरॉक्सवाल्याकडे त्याची पुस्तिका निघेल आणि वाळपईतल्या मुलीला इंटरनेट नसतानाही खेळता येईल. आम्ही लढाईच्या भागापासून सुरुवात केली आहे.